ती अकरा नावं

आज लग्नाच्या यादीवरून घरात वाजलं. म्हणजे बाहेर आवाज गेला नाही, पण माझ्या आत वाजलं. साडेअकरा झालेत, मागचं आवरून झालंय, झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले. लांबेल. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

धाकट्या लेकीचं लग्न फेब्रुवारीत आहे. आमच्याकडे यादीचं काम थोरल्या दिरांकडे असतं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. फुलस्केप वही, लाल पेन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाड्यावरची घरं झाली, कुळावी, म्हणजे आमच्या कुळातले, झाले, यजमानांच्या ऑफिसातले झाले, माझं माहेर झालं. माझ्या पानावर अगदी खाली मी अकरा नावं लिहिली होती. नावं तरी कसली! ‘ऑर्गनकाका, सांगे’, ‘शिरोड्याच्या बाई’, ‘बाणावलीचे बाब’, अशी. दादांचं पेन थांबलं.

“हीं कोणां गो?”

म्हटलं, आमच्या नाटकाच्या ग्रुपवरची.

“मोबायलावयलीं?”

एवढंच विचारलं. आणि वरून खाली एक रेघ ओढली. अकराही नावं एका रेघेत गेली. मग मान वर न करता म्हणाले, पान केवढ्याला पडतं ठाऊक आहे ना? आणि पुढचं पान उलटलं.

समोर व्याह्यांकडची दोन माणसं चहा पीत बसली होती, म्हणून मी गप्प राहिले. पण दिवसभर ती रेघ डोळ्यांसमोरून जात नाही.

मोबाईलवरची माणसं. मग बाकीची कुठली? यादीत यजमानांच्या ऑफिसातले चौदाजण आहेत. त्यांतल्या दोघांना मी रस्त्यात ओळखणार नाही. एक चुलतसासऱ्यांचे मेहुणे आहेत, ते शेवटचे आमच्याकडे आले ते सासूबाईंच्या बाराव्याला, आणि जेवणात मीठ कमी म्हणून गेले. त्यांना अक्षत घेऊन घरी जायचं. आणि जो माणूस माझ्या गावासाठी रात्रभर जागला, त्याला रेघ?

ऑर्गनकाकांची गोष्ट ग्रुपवरच्यांना पाठ आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या जत्रेला ‘सौभद्र’ होतं. १८८२ सालचं नाटक. आमच्या गावात ते किती वेळा झालं असेल देव जाणे, पण त्या वर्षी बरेच नवे पोरगे उभे होते आणि सगळा जीव त्यात अडकला होता. नाटकाच्या आदल्या रात्री तालमीला मंडळाचा जुना ऑर्गन बाहेर काढला, आणि काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली की नुसता फुस्स. सूरच नाही. आमचा वाजवणारा काळी दोनमधला, म्हणजे प्रत्येक पदाचा षड्जच, सा-च गेला! दुसरा ऑर्गन मिळेना. जत्रांचे दिवस, सगळे कुठे ना कुठे लागलेले. कोणी म्हणालं पेटीवर भागवा. भागवता येतं, नाही असं नाही. पण ज्याने ऑर्गनवर नांदी ऐकली आहे त्याला विचारा.

रात्री सव्वाअकराला मी ग्रुपवर लिहिलं. कोणी काही करील अशी आशा नव्हती, खरं सांगते. मन मोकळं करायला लिहिलं. पाच मिनिटांत एक उत्तर आलं: “गाव कुठलं? देवळाची खूण सांगा. सकाळी येतो.”

हा माणूस तेव्हा ग्रुपवर सात-आठ महिने होता. फोटोच्या जागी दीनानाथ मंगेशकर. कधीतरी एखाद्या पदाखाली “छान” लिहायचा, त्याहून जास्त नाही. आम्हाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. सकाळी नऊच्या आत तो देवळासमोर उभा. सांग्याहून डिचोलीला, स्कूटरवर, थंडीत, कानाला मफलर गुंडाळून. साठीचा माणूस. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

हे लिहिताना पुन्हा राग येतोय.

आमचा ग्रुप म्हणजे काय हे दादांना कधी कळलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही, ही माझी चूक. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा तो सुरू झाला. त्या वर्षी जत्रेची नाटकं नाहीत, स्पर्धा नाहीत. गोव्यात दिवाळीनंतर माणसाला नाटक नसेल तर काय होतं हे बाहेरच्याला समजायचं नाही. गावोगाव देवळापुढे पहाटेपर्यंत नाटक चालतं, जमिनीचा मालक भाटकारही तिथेच बसतो आणि त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकारही. त्या एका वर्षी सगळं चिडीचूप. आम्ही जुन्या तालमींचे फोटो टाकायचो, कोणी पद म्हणून पाठवायचं, कोणी राग ओळखायला लावायचं. मग नाटकं पुन्हा सुरू झाली तरी कांपालची कला अकादमी दुरुस्तीसाठी बंदच होती, ती उघडली २०२३च्या नोव्हेंबरात. तोवर फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, नाहीतर मडगाव, साखळी, कुडचड्याची रवींद्र भवनं. तेव्हापासून गाड्या जुळवायची सवय लागली. “म्हापशाहून निघतोय, दोन सीट रिकाम्या.” “बाणस्तारीच्या पुलापाशी मला घ्या.” मी एकटी बाई, रात्री बारा-साडेबाराला फोंड्याहून घरी कशी यायचे असं वाटतं घरच्यांना? यजमान झोपलेले असायचे. फाटकाच्या आत पाय पडेपर्यंत गाडी हेडलाईट लावून थांबायची. कधी एकदाही तशीच गेली नाही.

आणि शिरोड्याच्या बाई. रोज सकाळी सहाला त्यांचं पद येतं, खाली “राग कोणता?”. निवृत्त शिक्षिका, घरी एकट्या, मुलगा दुबईला. गेल्या श्रावणात एक दिवस सहा वाजले, सात वाजले, पद नाही. फोन लागेना. आठ वाजता आमचा फोंड्याचा एकजण त्यांच्या दारात. काही झालं नव्हतं, वीज गेली होती आणि मोबाईल बंद पडला होता. पण बाई दारात उभ्या राहून रडल्या. मुलाला हे संध्याकाळी कळलं, तेही बाईंनीच सांगितलं म्हणून.

हो, ग्रुपवर भांडणं होतात. पदं कापावीत की नाही यावरून दोघं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने सगळ्यांकडून उसने घेतले आणि ग्रुप सोडला, माझेही दोन हजार गेले. मोबाईलवर माणसं फसवतात, रोज पेपरात येतं, मान्य. पण सख्ख्या भावाने भावाला फसवल्याच्या केसी डिचोलीच्या कोर्टात किती चालल्या आहेत ते दादांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बाणावलीचे बाब तर तियात्रिस्त, म्हणजे तियात्र हे कोंकणी नाटक करणारे. त्यांचा तियात्र १८९२ साली मुंबईत सुरू झाला, तो अजून भरल्या घरात चालतो, याचा त्यांना केवढा अभिमान. ते रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, कोंकणी लिहितात, आमचं मराठी सावकाश वाचतात, अडलं की आवाज पाठवून विचारतात. पहिल्यांदा संगीत नाटकाला आले तेव्हा मध्यंतरात मला म्हणाले, तुमच्याकडे रडणारा माणूसच गातो? आमच्याकडे परदा पडला की दुसराच येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो, गोष्टीशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. त्यावर आम्ही फोंडा ते पणजी बोलत आलो. असं बोलायला मला या घरात, या वाड्यावर कोण आहे? तीस वर्षं झाली इथे येऊन. सगळे चांगले आहेत, पण नाटक संपलं की त्यांचं नाटक संपतं. माझं तेव्हा सुरू होतं.

तर ऑर्गन. काकांनी डब्यातून एक लहान पेचकस काढला, एक आकडी, आणि एक रंगाचा ब्रश, केस झडलेला. मागची फळी उतरवली. मला म्हणाले, बघा ताई, पेटी वारा बाहेर फेकते, ऑर्गन आत ओढतो. म्हणून धूळ, किडे, सगळं ह्याच्या पोटात जातं. आकडीने काळी दोनची पितळी पट्टी खेचून बाहेर काढली. बोटाएवढी. ती त्यांनी उजेडात धरली आणि जिभेच्या खालून काहीतरी नखाने अलगद ओढलं. वाळवीचा पंख. एक पंख, कांद्याच्या सालीसारखा पातळ. त्याने आमचा षड्ज अडवला होता. तो त्यांनी तळहातावर घेऊन आम्हाला दाखवला, फुंकून टाकला, पट्टी पुसून जागेवर सरकवली. मी भाता मारला, त्यांनी काळी दोन दाबली, आणि सूर असा भरून आला की मंडपात रांगोळी घालणाऱ्या पोरी थांबल्या.

आणि हे आत्ता, इथपर्यंत लिहून आल्यावर, आठवतंय. मंडपात उजेड कमी होता. ऑर्गनच्या मागे वाकून बॅटरी धरली होती ती दादांनी. अर्धा तास. कंबर दुखत असताना. “जरा डावीकडे, जरा वर,” काका सांगत होते आणि दादा तशी धरत होते. काम झाल्यावर दादांनीच त्यांना पाटावर बसवून जेवायला वाढायला लावलं. पैसे पुढे केले, ते काकांनी घेतले नाहीत, तेव्हा दादा मला म्हणाले, देवस्थान कमिटीने पाठवलेला मेस्त दिसतो, माणूस भला आहे.

मी तेव्हा दुरुस्त केलं नाही. घाई होती, रंगपटात लुगडी नेसवायची होती. नंतर राहूनच गेलं.

म्हणजे आज त्यांनी रेघ मारली ती कोणावर हे त्यांना माहीतच नाही.

आता राग थोडा उतरलाय. दादा वाईट नाहीत. याच मांडावर त्यांनी बावीस वर्षं बलराम केला. त्यांची एंट्री झाली की पोरं मागे सरायची, असा आवाज. वहिनी गेल्या आणि त्यांनी रंग लावणं सोडलं, मग नाटक बघणंही सोडलं. पालखी देवळात गेली की घरी येऊन झोपतात. पानाचे पैसे वाढलेत हेही खरं, आणि त्यातला मोठा वाटा तेच देणार आहेत, मला ठाऊक आहे. अकरा पानं त्यांना जड नाहीत, पण कुठेतरी रेघ मारायची तर अनोळखी नावावरच मारणार माणूस.

पण त्यांनी विचारायला हवं होतं. “हीं कोणां” म्हटल्यावर उत्तर ऐकायला थांबायला हवं होतं. ते मी सोडणार नाही.

मंगेशीचे दीनानाथ १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभी करतात, तेव्हा त्या बिऱ्हाडात काय सगळे मंगेशीचेच होते? ठिकठिकाणची माणसं एका पंगतीला जेवली, एका बैलगाडीत झोपली, आणि त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं तर उशाशी बसायला तीच. नाटकवाल्यांना परक्यांतून घर करायची सवय आजची नाही. आम्ही तर नुसते बघणारे. आम्हाला बैलगाडीच्या जागी मोबाईल मिळाला, एवढंच.

त्या रात्री नाटक पहाटे साडेपाचला संपलं. काका सगळ्यात मागे, चण्याच्या गाड्याशेजारी उभे राहून पूर्ण बघत होते. खुर्ची दिली तर म्हणाले, इथून ऑर्गन चांगला ऐकू येतो. सुभद्रेच्या पदाला वन्समोअर आला तेव्हा मी वळून पाहिलं, तर त्यांचं लक्ष स्टेजकडे नव्हतंच. डोळे मिटून उजव्या हाताचं एक बोट मांडीवर दाबत होते. बहुतेक काळी दोन. पडदा पडल्यावर शोधलं तर गेले होते. ग्रुपवर दुपारी मेसेज आला: “घरी पोचलो. दुसऱ्या अंकात तबला जरा चढला होता.”

उद्या सकाळी चहाच्या वेळी दादांना सांगणार आहे, बॅटरीपासून. वही माझ्याकडेच आहे. रेघेच्या शेजारी जागा होती, तिथे निळ्या पेनाने अकराही पुन्हा लिहिली आहेत. तांदळाचा डबा गेल्या वर्षभरात मी कशी भरत आले ते मलाच ठाऊक, लागलं तर अकरा पानांचे पैसे त्या डब्यातून देईन.

एकच अडचण आहे. पत्रिकेवर ‘शिरोड्याच्या बाई’ लिहून चालत नाही. म्हणून ग्रुपवरच्या सगळ्यांना विनंती, आपापलं नाव आणि घरचा पत्ता मला वेगळा पाठवा, रविवारपर्यंत. आम्ही दोघं अक्षत घेऊन येऊ, फोनवर आमंत्रण करणार नाही. बाब, तुम्ही रोमीत पाठवलं तरी चालेल. बाई, तुम्हाला आणायला म्हापशाची गाडी शिरोड्यावरून वळवून घेऊ, ते ठरलंय.

ऑर्गनकाका, तुम्हीही. पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट.