तीनांतली दोन बाळं आणि एक फसलेला भागाकार

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: "१९२१ साली मुंबईत जन्मलेल्या तीनांपैकी दोन बाळं वर्षाची होण्याआधीच दगावत, कारण गिरणीतल्या अडाणी आया त्यांना अफू चारत. आकडा सरकारी आहे."

आकडा आहे, नाही असं नाही. पालिकेच्या नोंदींत त्या वर्षी हजार जन्मांमागे ६६०हून जास्त बालमृत्यू दिसतात. पण ते जन्म म्हणजे मुंबईत नोंदलेले जन्म. भागाकारात वर मुंबईत दगावलेली बाळं, खाली मुंबईत नोंदलेली. ही दोन्हींकडची बाळं तीच, असं लिहिणाऱ्यानं धरून टाकलंय.

१९२१च्या जनगणनेत शहरातले शंभरातले ८४ लोक बाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन लाखांवर. परळ-लालबागच्या चाळीतली बाई दिवस भरत आले की बोचकं बांधून आगबोटीनं गावी जायची. बाळंतपण तिकडे, नोंदही (झालीच तर) तिकडच्या दप्तरात. काही महिन्यांनी मूल कडेवर घेऊन पुन्हा खोलीवर. पुढे ते हगवणीनं गेलं की मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. शिवाय शहरात झालेला जन्मही नोंदवायचा राहून जाई. मृत्यू तसा सुटत नसे, स्मशानात किंवा कब्रस्तानात तो कळायचाच.

समजा, चाळीतल्या आयांना शंभर मुलं झाली, त्यातले चाळीस जन्म गावी. तीस मुलं मुंबईत दगावली. खरा दर शेकडा तीस; पालिकेच्या वहीत तीस भागिले साठ, म्हणजे पन्नास. गावी जाणाऱ्या वाढल्या तर हा दर हजारी हजारच्याही पुढे जाईल! त्याच पालिकेचा दर दशकाच्या अखेरीस तीनशेच्या आसपास आला. थोडी सुधारणा झाली असेलही, पण आठ वर्षांत चाळी काही बदलल्या नव्हत्या.

याच नोंदींतला आणखी एक आकडा मजकुरात नाही. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी ८२८, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. गावी जाणाऱ्या बाया एका खोलीतल्याच जास्त, म्हणून ८२८ही फुगलेला. तरी एवढी दरी नुसत्या नोंदीच्या घोळानं पडत नाही. फुगा काढला तरी उरतं ते भयंकरच, एवढं मी मान्य करतो.

आता अफू. बाळगोळी, म्हणजे तान्ह्याला झोपवायची अफूची गोळी, दिली जायची, हे खरं. १९२२च्या पाहणीत डॉ. बार्न्स यांना गिरणीकामगार बायकांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना ती दिलेली आढळली. सगळ्याच, म्हणजे जगलेल्यांनाही. एकटी अफू कारण असती तर जगलेली कुठून आली? आणि आई दिवसभर गिरणीत उभी असताना खोलीतलं तान्हं झोपवायचं कुणी? बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९२९ साली.