गोगलगायीचं तोंड बधिर झालं असेल, या शंकेवर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गोगलगाय साखर टाळायला शिकते बिकते काही नाही, प्रयोगातलं केमिकल लागून तोंड बधिर होत असेल, आणि जिला धड मेंदू नाही तिला आपण उगाच हुशार ठरवतोय. बधिरपणाची शंका रास्त आहे, पण ती प्रयोग करणाऱ्यांनाही आलीच होती हो.

प्रयोग बघा. लिम्निया स्टॅग्नालिस म्हणजे तळ्यातली गोगलगाय, हिला साखरेचं पाणी जाम आवडतं. ओठाला लागलं की तोंड उघडते, दातेरी जीभ बाहेर काढून खरवडल्यासारखं करते, परत आत घेते, आणि हे इतकं स्पष्ट दिसतं की मिनिटाला किती वेळा केलं ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं. आता साखरेच्या पाठोपाठ पोटॅशियम क्लोराइडचं पाणी सोडायचं, जे लागलं की ती अंग आक्रसून घेते. असं 10-20 वेळा करायचं. दुसऱ्या दिवशी नुसती साखर दिली तरी जीभ फारशी हलत नाही, आणि ट्रेनिंग नीट झालं असेल तर हे महिनाभरसुद्धा टिकतं.

बधिरपणाच असता तर क्रमाने काय फरक पडला असता? म्हणून दुसऱ्या गटाला तेवढंच केमिकल, तेवढीच साखर, फक्त उलटं, आधी केमिकल मग साखर. या गटातल्या दुसऱ्या दिवशी साखरेवर पहिल्यासारख्याच तुटून पडतात. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो.

तरी अजून एक सांगतोच, कारण मला स्वतःला हे जास्त भारी वाटतं. 1981 मध्ये साहली, रूडी आणि गेल्पेरिन या संशोधकांनी शंख नसलेल्या लायमॅक्स गोगलगायींना गाजराचा वास आणि कडू क्विनिडिन एकत्र दिलं, त्या गाजराला टाळायला लागल्या. मग गाजर आणि बटाटा दोन्हींचा वास एकदम देऊन परत क्विनिडिन. तर ज्यांना गाजराचा धडा आधीच मिळाला होता त्या बटाट्याला फारशा बिचकल्या नाहीत, ज्यांना मिळाला नव्हता त्या मात्र बिचकल्या. म्हणजे कडू येणार हे गाजरावरून कळतच होतं, बटाट्याकडे कशाला लक्ष द्या! हाच परिणाम उंदरांमध्ये दिसला की आपण त्याला बिनदिक्कत शिकणं म्हणतो.

मेंदूचं म्हणाल तर आपल्यासारखा एकसंध मेंदू नाही हे खरंच, पण अन्ननलिकेभोवती चेतापेशींच्या गाठी असतात, एकूण साधारण 20 हजार पेशी. त्यात सेरोटोनिनवाल्या (सेरोटोनिन म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) दोन मोठ्या पेशी खाण्याच्या सर्किटवर लक्ष ठेवतात, आणि ट्रेनिंगनंतर खाणं सुरू करणाऱ्या पेशीवरचा त्यांचा ब्रेक जास्त जोरात लागतो. हा बदल तोंडात नाही, चेतापेशींमध्ये मोजलाय.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, "हे सगळं ठरीव रिफ्लेक्स आहे", म्हणजे न शिकता आपोआप होणारी तीच ती प्रतिक्रिया. मग भुकेचं काय करायचं? एक दिवस उपाशी ठेवलेल्या लिम्निया सगळ्यात चांगलं शिकतात, पोट भरलेल्या तेवढं शिकत नाहीत, आणि पाच दिवस उपाशी असलेल्या तर त्याच ट्रेनिंगनंतरही साखर टाळत नाहीत, खातात. तेच पाणी, तेच केमिकल, तोच क्रम. ठरीव रिफ्लेक्समध्ये हे कसं बसवायचं ते सांगा, मी वाचायला तयार आहे.