"बोल तरच देईन" या मेसेजबद्दल खुलासा
पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की अपघात, मारहाण किंवा घरातल्या मृत्यूनंतर मूल गप्प झालं तर तो हट्ट असतो, खाऊ समोर धरून "बोल तरच देईन" म्हणा, आपोआप बोलतं. कृपया असं करू नका. घाबरलेलं मूल सतत सावध असतं, शब्द सुचणं आणि तोंडातून निघणं दोन्ही अवघड जातं, त्यात अडवणूक केली की भीती वाढतेच. अशा मुलांसोबत काम करणारी स्पीच थेरपिस्ट सुरुवातीला फारसे प्रश्नच विचारत नाही, आईला नाहीतर आजीला खोलीतच बसवते, मूल गाडी ढकलत असेल तर स्वतःही एक गाडी घेऊन शेजारी बसते, "गाडी चालली... थांबली" एवढंच म्हणते आणि खरंच थांबते, मुलाने नुसतं बोट दाखवलं तरी ते बोलणंच धरते. आणि हो, उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला धक्काच बसलेला असतो असंही नाही, आधी कानांची तपासणी करून घ्या. घरी भरपूर बोलणारं पण शाळेत महिन्याहून जास्त गप्प राहणारं मूल असेल तर सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकार ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) तो चिंतेच्या विकारांत धरलाय, हट्टात नाही. येत असलेले शब्द अचानक गेले तर मात्र वाट बघू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.