रिपोर्टापुरतं पथ्य

शुगर निघाली म्हणता? मग घाबरायचं काही कारण नाही. आमच्या लातूरकडं पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं शुगर नाही म्हटलं की लोक त्याच्याकडं संशयानं बघतात. तपासलीच नसंल, म्हणतात. आणि बहुतेक वेळा खरंच तपासलेली नसते. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले. देशात 10 कोटींवर मधुमेही आणि 13 कोटींवर उंबरठ्याशी आलेले. एवढी मोठी पंगत बसलेली असताना आपण एकट्यानं ताटावरून उठणं बरं दिसत नाही. त्यात आपण मराठवाड्यातले. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालो, पण उसाचा हात काही सोडला नाही. आधी जमिनीला शुगर लागली, मग आपल्याला. सगळं रीतसर झालं.

मी स्वतः नऊ वर्षांचा जुना पेशंट आहे. त्याआधी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. त्यामुळं शुगर सांभाळण्याचं जे शास्त्र मी तुम्हाला सांगणार आहे, त्याचा पाया शाळातपासणीत आहे. साहेब येणार असं कळलं की आदल्या दिवशी वर्ग झाडायचे, तक्ते सरळ करायचे, हुशार पोरं पुढं बसवायची आणि वर्षभर म्हशीमागं असलेल्या पोराला त्या एका दिवसापुरतं गणवेशात घालून आणायचं. साहेब खूश होऊन जेवून जातात. लॅबचंही तेच. जायचं ठरलं की आधीचे दोन दिवस रात्री अर्धी भाकरी, मेथीची भाजी, ताक. भाताकडं बघायचं नाही. लॅबपर्यंत पायी जायचं. उपाशीपोटीची 126 च्या आत आली, की रिपोर्टाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. पुण्याहून लेक अंगठा पाठवते. दुपारी वरणभात, आणि संध्याकाळी सुटकेची जिलेबी.

या चालत्या व्यवस्थेत अलीकडं एक फितूर शिरलाय. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ती एचबीएवनसी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात जेवढी साखर फिरली, त्या मापानं ती त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. म्हणजे हा साहेब वर्ग बघतच नाही, थेट हजेरीपत्रक मागतो. साडेसहा टक्के किंवा वर गेली की मधुमेह. ज्यांना तो आहेच त्यांनी साधारण सातच्या आत ठेवावी, असं म्हणतात. माझी उपाशीपोटीची आली 118 आणि ही आली 9.2. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "गुरुजी, पोरगं कॉपी करताना सापडलं की तुम्ही काय करायचात?"

तेव्हापासून माझा सल्ला एकच. ही तपासणी करूच नका. लॅबवाल्यांचा धंदा आहे म्हणायचं. आपल्याकडं एवढं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

फिरणं मात्र चुकत नाही. लोक विचारतात ना, "काय, फिरायलाव का नाही?" तेव्हा दिसलं पाहिजे. पोरानं आणलेले महागडे बूट, कानटोपी, हातात काठी (कुत्र्यांसाठी). चौघांनी रस्ता भरून आडवं चालायचं. विषय सोयाबीनच्या भावाचा काढायचा, कारण तो चालता चालता बोलण्यासारखा नाही, त्याला थांबून दोन्ही हात लागतात. डॉक्टरांचं माप असं, की चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये इतका वेग हवा. आठवड्याची बेरीज 150 मिनिटं भरावी, आणि सलग दोन दिवसांच्या वर खाडा पडू नये. आमच्यातले एक तात्या चालताना अख्खं भजन टाळ्यांसकट म्हणतात. ते कधी थांबलेच तर कडवं विसरलं म्हणून, दम लागला म्हणून नाही.

फेरीच्या टोकाला हॉटेल असावं. नसेल तर फेरी बदला. तिथं बसल्या बसल्या "चार बिनसाखरेचे" अशी आरोळी ठोकायची, म्हणजे शेजारच्या बाकड्यालाही आपलं पथ्य कळतं. पोरगं म्हणतं, पातेल्यात साखर आधीच पडलीय, कमी साखरेचा देतो. कमी साखरेचा म्हणजे अर्धा कप. मग पोट भरत नाही म्हणून असे दोन घ्यायचे. भजी गोड नसतात, त्यामुळं ती हिशेबात धरत नाहीत. पावलं मोजणारा फोन असेल तर तो क्रिकेट खेळायला निघालेल्या नातवाच्या खिशात घालावा. एका रविवारी माझी 11 हजार पावलं झाली होती. तेव्हा मी खाटेवर होतो.

डॉक्टरांचं अजून एक टुमणं असतं, की जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना मांडी-पोटरीचे स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर थेट ओढून घेतात म्हणे. जेवणानंतर चढणारी शुगर तिथंच दबते. औषध फुकट, आणि फुकटच्या औषधावर आपण कधी विश्वास ठेवलाय? माझे आजोबा मळ्यातून येऊन, भाकरी खाऊन, वर अंगणात शतपावली घालायचे. ते अडाणी होते. मी जेवून आडवा होतो आणि शतपावलीचे फायदे सांगणारा व्हिडिओ बघतो. झोप चांगली लागते.

एकदा मी हा विषय पारावर काढून बघितला. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर माणसांचा अभ्यास झाला, 2002 साली तो छापून आला. वजन सातेक टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, एवढं लक्ष्य दिलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही शुगरवरची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. पार म्हणाला, तिथले रस्ते चांगले असतात. मी म्हटलं, चेन्नईच्या डॉक्टरांनीही असाच प्रयोग करून 2006 मध्ये छापलाय, आपल्यासारख्याच माणसांत चालण्यानं नि खाणं सुधारल्यानं फरक पडला. पारानं थोडा विचार केला. म्हणाला, तिथं समुद्र आहे.

बायकांनी शुगरची काळजी करू नये. त्या दिवसभर घरात उभ्या असतात, त्यांचा व्यायाम आपोआप होतो, हेही पारावरच ठरलेलं आहे. आमच्या घरचीची मागच्या वर्षी सहज म्हणून तपासली, तर माझ्यापेक्षा 60 नं जास्त. किती दिवसांपासून असेल, काय माहीत. नऊ वर्षं ती माझ्यासाठी वेगळी भाजी टाकत होती आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून स्वतः संपवत होती.

आता खाण्याचं. मूळ सिद्धांत असा की गोड आणि कडू यांची फिट्टंफाट होते. सकाळी कारल्याचा रस प्यायला की दुपारच्या श्रीखंडाचं पाप फिटतं. जांभळाच्या बियांची पूड, मेथीदाणे, कडुनिंबाचा पाला, आणि बाजाराच्या दिवशी माईक लावून विकणाऱ्याकडची ती काळी पुडी. जेवढं तोंड वाकडं होईल तेवढी शुगर उतरली असं समजावं. एवढं चालू केल्यावर गोळी बंद करणं ओघानं आलंच. गोळीची सवय लागते, पुडीची लागत नाही. साखर सोडली हे चारचौघांत सांगावं आणि गुळाचा चहा घ्यावा. गूळ नैसर्गिक आहे. ऊसही नैसर्गिक होता आणि साखरही त्याच उसाची, पण एवढं खोलात जाऊन चहा गोड लागत नाही.

भाकरीला शुगर नसते, हा तर आपला वडिलोपार्जित समज. शाळूची भाकरी मैद्यापेक्षा बरी हे खरंच. तिच्यात चोथा असतो. पण ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तरेक ग्रॅम पिष्टमय पदार्थच असतात, हे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईला मी विचारलं, मग किती खाऊ? म्हणाली, एक, आणि ताटात निम्मी भाजी. मी चारांवरून तीनवर आलो आणि तीन मोठ्या थापायला सांगितल्या.

सणावारी पथ्य पाळणं म्हणजे देवाचा अपमान. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निव्वळ पिष्ट तुपात परतलेलं, वर बटाटा. पण ती उपवासाची आहे, शुगरला धर्म कळत असेलच की. सप्त्यात काल्याच्या दिवशी बुंदी नको म्हणणारा माणूस गावात राहू शकत नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तर निवडच नसते. 2023 चा अधिक श्रावण कसाबसा पचवला, की 2026 ला अधिक ज्येष्ठ उभाच. सासूनं पुरणाचे धोंडे वाढायचे नि जावयानं शुगर सांगायची, हे नात्याला धरून नाही. आमच्या जावयानं एकदा सांगून बघितली. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या, तूप जास्त घ्या, मग बाधत नाही."

येळवसेचं, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येचं, मात्र मला मनापासून वाईट वाटतं. तो सण ज्यानं कोणी काढला त्याला शुगरचं सगळं कळत होतं. गाव रिकामं करून पायी रानात जायचं, कोपीत पांडवांची पूजा करायची, आणि जेवायला पालेभाज्या-शेंगा-डाळींची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातलं अंबील. कुठल्याही डॉक्टरनं सही करावी असं ताट. आता आम्ही कारनं थेट बांधापर्यंत जातो, भज्जी चाखण्यापुरती घेतो आणि गव्हाच्या खिरीवर हात मारतो. मग चिंचेखाली दोन तास पाठ टेकवतो. लहानपणी वडील जेवल्यावर सगळं शिवार फिरवून आणायचे, कुठं हरभरा, कुठं करडई बघत. ते शिवार आता फोटोत पाठीमागं येतं.

खिशात पेढा असावा. शुगर अचानक खाली आली तर? हा डॉक्टरांनीच दिलेला परवाना आहे आणि त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की गोळ्या-इंजेक्शनवर असताना हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला आणि शुगर 70 च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढ्यातलं तूप साखरेला रक्तात उतरू देत नाही लवकर, म्हणून पेढा त्या वेळी कामाचा नाही. पण माझा घाम तीन चमचे साखरेला ऐकत नाही. त्याला कुंथलगिरीचा खवा लागतो, आणि तो नेमका दुपारी चारला फुटतो.

राहता राहिले पाय. आमच्या भागात कोजागरीला तुळजापूरला पायी जातात. आमचे चुलतबंधू आण्णा सोळा वर्षांपासूनचे शुगरवाले. एरवी नळाला पाणी आलं का बघायलाही स्कूटर काढतात, पण कोजागरीला लातूरहून अनवाणी. पाऊणशे किलोमीटरच्या आसपासची वाट. वर्षाचा व्यायाम एका खेपेत उरकायचा, हा हिशेब मलाही पटलेला. वाटेत उजनी लागते. उजनीची बासुंदी न खाता जो पुढं जातो त्याला देवी पावत नाही, असं आण्णांचं म्हणणं. दोन वाट्या खाऊन आण्णा पुढं निघाले. मध्येच कुठंतरी बाभळीचा काटा टाचेच्या पुढं पार आत गेला आणि आण्णांनी हूं की चूं केलं नाही. बरोबरच्यांनी हात जोडले. बघा, श्रद्धा असावी तर अशी, वेदनाच नाही.

वेदना सहा वर्षांपासूनच नव्हती. चढ्या शुगरनं तळपायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर वहिनींना पांढऱ्या फरशीवर देवघरापासून मोरीपर्यंत लाल ठसे दिसले, तेव्हा काटा कळला. आण्णांनी वसमतची हळद भरली. आठव्या दिवशी पायाला वास यायला लागला. पायाची दोन बोटं गेली, बाकीचा पाय वाचला, हे नशीब. तेव्हा रोज रात्री आरसा खाली धरून तळपाय बघणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, घरातसुद्धा चप्पल घालणं, असल्या बारीक गोष्टींत वेळ घालवू नका. डोळ्यांचा पडदा वर्षातनं एकदा तपासून घ्या म्हणतात, तोही राहू द्या. दिसतंय तोवर दिसतंय.

पुढच्या कोजागरीला आण्णा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून निघाले. मी मागं होतो. उजनीला जीप आपोआप थांबली.

"आण्णा, नको," मी म्हटलं.

"गुरुजी, दोन बोटं दिली की देवीला. आता एवढी वाटीबी खाऊ देईना झालाव का?" आणि काचेतून हात बाहेर काढून त्यांनी हॉटेलच्या पोराला हाक मारली, "साखर बेतानं टाक रं!"

बासुंदी सकाळपासून कढईत आटत होती. मी माझ्यासाठी अर्धीच सांगितली.