मेरेरच्या टोळीला गुलाम म्हणू नका

पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांवरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एक निनावी प्रतिक्रिया आली. सगळ्यांना दिसावी म्हणून ती जशीच्या तशी देते: "गुलामांच्या पाठीवर आसूड ओढून उभारलेल्या थडग्यांची आरती ओवाळणं बंद करा. चार इंग्रजी साइट वाचून लेख पाडायचा आणि आपल्या मोहेंजोदडोला दोन ओळी. सक्तीने आणलेल्या माणसाला भाकरी दिली म्हणून तो स्वतंत्र होतो का?"

मतभेद मला नवे नाहीत. नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला. आठवी-नववीची पोरं उलटे प्रश्न विचारायची आणि मला ते आवडायचं. पण ती पोरं उभी राहून विचारायची, आणि धडा वाचून विचारायची. तुम्ही नाव लिहीत नाही, लेख पुरता वाचलेला दिसत नाही, आणि मी आरती ओवाळते म्हणता. कोणाची? गीझाचा मोठा पिरॅमिड ज्याने बांधवून घेतला त्या खुफू राजाबद्दल लेखात जेमतेम एक परिच्छेद आहे. बाकी सगळा लेख दगड वाहणाऱ्यांचा आहे. हे ज्याला दिसत नाही त्याने "पाडायचा" हा शब्द दुसऱ्याच्या लिखाणाला लावू नये.

मोहेंजोदडोला कमी जागा मिळाली, हे मान्य. नदीकाठच्या संस्कृतींचा लेख म्हणून सुरुवात केली आणि नाईलवरच रमले. तेवढं तुमचं बरोबर.

आता ते पहिलं वाक्य. आसूड आणि गुलाम. हे चित्र बहुतेकांच्या डोक्यात सिनेमातून आलेलं असतं. बायबलमधले इस्रायली लोक विटा पाडतात ते पिथोम आणि रामसेस या शहरांसाठी, पिरॅमिडसाठी नाही. त्या कथेचा काळ आणि खुफूचा काळ, म्हणजे इसवी सनापूर्वी २५६०च्या आसपासचा, यांत हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तला गेला तोच मुळी पिरॅमिड झाल्यावर दोन हजार वर्षांनी. त्याने एक लाख माणसं आणि तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या सांगितल्या. खुफूने साऱ्या इजिप्शियनांना कामाला जुंपलं असं तो लिहितो. म्हणजे तोही परक्या देशातून धरून आणलेल्या गुलामांची गोष्ट सांगत नाही, स्वतःच्याच प्रजेची सांगतो.

पुरावा मागाल तर तो जमिनीतून निघालाय. १९९० साली गीझाला एका घोड्याचा पाय जुन्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांचं कब्रस्तान सापडलं. राजाच्या पिरॅमिडच्या नजरेच्या टप्प्यात या माणसांना पुरलंय. सोबत भाकरी आणि बिअरची भांडी ठेवलीत, काही कबरींवर नावं आणि हुद्दे कोरलेत. हाडं झिजलेली आहेत, मणके दबलेले आहेत. काम जीवघेणं होतं, हे मीही लिहिलंय. पण मोडलेली हाडं नीट बसवून जुळवलेलीही आहेत. जवळच पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या पथकाने कामगारांची वस्तीच उकरून काढली: भाकरीच्या भट्ट्या, आणि गाईगुरांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग.

आणि मेरेर. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचं नावसुद्धा नाही, म्हणून पुन्हा लिहिते. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेला याहून जुना पपायरस आजवर मिळालेला नाही. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे चिरे होडीत भरायचे, नाईलच्या पुराचं पाणी आणि कालवे यांच्या आधाराने गीझाला पोचवायचे, रिकामी होडी घेऊन परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रोज रात्री मुक्काम कुठे पडला तेही लिहिलंय. सोबत धान्याचे हिशेब आहेत, लाल आणि काळ्या शाईत, आखलेल्या रकान्यांत: येणं किती, आलं किती, बाकी किती.

तो "बाकी"चा रकाना मला झोपू देत नाही. गुलामाचं राजाकडे काही बाकी राहतं का हो?

हे मी का सांगते आहे, तर माझी आई बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. दिवसभर खडी फोडायची. मुलांना सुकडी मिळायची, घरी रेशनची मिलो ज्वारी. संध्याकाळी मुकादम मस्टर उघडून नाव पुकारायचा, आणि नाव सुटलं तर त्या दिवसाची मजुरी गेली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मस्टरवर आपलं नाव कोणत्या ओळीत आहे ते तिला ठाऊक होतं. भुकेने तिला तिथे नेलं, हौसेने नाही. तिला कोणी गुलाम म्हणालं असतं तर तिने हातोडी खाली ठेवून त्याला जाब विचारला असता. हजेरीपट काय असतो हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. चार इंग्रजी साइटवरून तर नाहीच नाही.

म्हणूनच ब्रिटिश म्युझियममधला दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षातला दगडी हजेरीपट मला इतका जवळचा वाटतो. तो पिरॅमिडनंतर तेराशे वर्षांचा, दैर अल-मदिना या गावचा, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचा. कोण कधी गैरहजर आणि का, याची त्यात नोंद आहे: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती, आईचं शव तयार करायचं होतं. पुढे तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी याच गावच्या लोकांना धान्य वेळेवर मिळालं नाही, तेव्हा ते काम टाकून देवळांच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहानेने आम्हाला इथे आणलं, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. ते सगळं आज इटलीत तुरिनला पपायरसवर जपलेलं आहे.

सक्तीचं म्हणाल तर सक्ती होती, वेठ होती, लेखात तो शब्द आहे. युद्धात पकडलेले गुलामही इजिप्तमध्ये होते, विशेषतः पुढच्या काळात. त्यावर आणखी काय लिहायचं? पण खुफूच्या काळातल्या साऱ्या माणसांना एका शब्दात गुंडाळून तुम्ही त्यांची नावं पुसता, आणि वर मलाच राजांची भाट ठरवता, हे मला सहन होत नाही. त्या बिचाऱ्यांनी आपल्या टोळीचं नाव "खुफूचे मित्र" असं पिरॅमिडच्या आतल्या दगडांवर रंगवून ठेवलं. तुमच्या कळवळ्यात त्यांच्यातल्या एकालाही जागा मिळालेली नाही.

साइटबद्दलच्या टोमण्याला उत्तर देणार नाही. पुढचा लेख मोहेंजोदडोच्याच संस्कृतीतल्या धोलावीरा या शहरावर आहे. कच्छच्या रणात, खडीर बेटावर, मानसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पाणी तिथल्या लोकांनी खडकात खोदलेल्या आणि दगडांनी बांधलेल्या टाक्यांत कसं साठवलं, ते सविस्तर लिहिते आहे. तो लेख आवडला नाही तर जरूर कळवा. फक्त आधी शेवटपर्यंत वाचा, आणि खाली आपलं नाव लिहा.