‘स्वादुपिंडातली गाठ म्हणजे कर्करोगच’ : एका संदेशातली चार विधाने

“स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची असते, रक्तात सीए १९-९ (कर्करोगात वाढू शकणारा एक पदार्थ) तपासा, सुईने पाणी काढून खात्री करा आणि वाट न पाहता गाठ काढून टाका,” अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. हा कर्करोग उशिरा कळतो, त्यामुळे संदेशामागची काळजी समजण्यासारखी आहे. मात्र त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिला घोळ ‘गाठ’ या शब्दातच आहे. भरीव गोळ्यालाही आपण गाठ म्हणतो आणि पाण्याने भरलेल्या पिशवीलाही. धास्ती ज्याची असते तो कर्करोग बहुधा भरीव असतो, तर मूतखड्यासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अवचित सापडते ती पुष्कळदा पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, असते. त्यातही स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर उरणारी स्यूडोसिस्ट हा मुळात ट्यूमरच नव्हे. सीरस सिस्टॅडिनोमा हा ट्यूमर खरा, पण सौम्य. तो कर्करोगात बदलल्याची उदाहरणे जगभरात मोजकीच आहेत. चिकट स्राव करणाऱ्या म्युसिनस गाठी मात्र पुढे बिघडू शकतात, म्हणून ‘गाठ आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या जातीची आहे’ हा निदानाचा खरा प्रश्न ठरतो.

त्याचे बरेचसे उत्तर एमआरआय आणि एमआरसीपीच्या (पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयच्या) चित्रात मिळते. सीरस गाठ तिच्या नेहमीच्या रूपात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते: बारीक बारीक कप्पे, मधोमध व्रणासारखा पट्टा आणि कधी त्यात साठलेले कॅल्शियम. आयपीएमएन या म्युसिनस प्रकाराचा स्वादुपिंडाच्या नलिकेशी संबंध असतो, सीरस गाठीचा सहसा नसतो. अडचण येते ती सीरस गाठ एकाच मोठ्या कप्प्याची निघाली की; तेव्हा मुरलेला रेडिओलॉजिस्टही ठामपणे बोलत नाही.

सीए १९-९ बद्दल थोडक्यात सांगता येईल. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी हा आकडा वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. गाठीची जात तर तो सांगतच नाही.

सुईचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी, करताना जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई घालून पाणी काढतात. त्याचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटे दूर नेली आणि सेंटिमीटरभर तार धरली, तर गाठ म्युसिनस असावी असा कयास बांधतात. तपासणी इतकी साधी असू शकते! पाण्यातले सीईए हे प्रथिन १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले तरी कल त्याच बाजूला जातो, पण ही मर्यादा ज्या २००४ सालच्या अमेरिकी अभ्यासातून आली, त्यातच तिची अचूकता सुमारे ७९ टक्के होती. शिवाय सीईए जात सुचवते, कर्करोग झाला आहे की नाही ते सांगत नाही. पाण्यात पेशीही फार थोड्या सापडतात, त्यामुळे ‘कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत’ या अहवालाने शंका पुरती फिटत नाही. आणि पोळ्यासारखे चित्र स्पष्ट असेल तर सुईची गरजच सहसा पडत नाही.

राहिला लगेच काढून टाकण्याचा सल्ला. कावीळ, गाठीच्या आत वाढलेला भरीव भाग किंवा १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंदावलेली मुख्य नलिका असेल तर शस्त्रक्रियेचा विचार तातडीनेच व्हायला हवा. परंतु स्वादुपिंडाचा भाग काढल्यावर मधुमेह जडू शकतो, आणि शेपटीकडचा भाग काढताना अनेकदा प्लीहाही काढावी लागते. निदान पक्के झालेल्या आणि काही त्रास न देणाऱ्या सीरस गाठीसाठी ही किंमत मोजायला सांगणे मला अनाठायी वाटते. ती आहे तिथेच राहू देतात.