खाशाबांचं नाव घेताय, तर पुढचं पानही वाचा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच मजकूर मोबाईलवर फिरायला लागतो. यंदा तो तासगावहून माझ्या भाच्यानेच मला धाडला, खाली ‘मामा, वाच’ एवढंच. मजकूर थोडक्यात असा: खाशाबा जाधव, लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि विष्णुदास भावे यांनी पोटापाण्याचा विचार केला असता, तर आज त्यांना कुणी ओळखलं नसतं. मन सांगेल तेच करा, पैसा मागून येतो. दुसरा पर्याय हाताशी ठेवणारा कधी जिंकत नाही. नोकरी भित्र्यांनी करावी.

तिन्ही नावं सांगली-साताऱ्याच्या मातीशी जोडलेली, त्यामुळे आपल्याकडे हा मजकूर जरा जास्तच जोरात पळतो. भाच्याला नाटकात जायचंय. मी सांगलीत सहकारी बँकेत कॅशियर आणि गेली वीसेक वर्षं हौशी रंगमंचावर. तेव्हा उत्तर द्यायला मीच बरा सापडलो.

आधी खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 ला लंडनला सहावा आला आणि 1952 ला हेलसिंकीत त्याने कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. इथपर्यंत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण हेलसिंकीला जायचे पैसे आले कुठून? गावोगावी वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. म्हणजे पोटापाण्याचा विचार झालाच होता, फक्त तो दुसऱ्यांनी केला होता. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, खेळले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते. मजकूर लिहिणाऱ्याला ती गैरसोयीची वाटली असावी. पुढे 1955 मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. ज्या माणसाच्या नावावर पोरांना ‘नोकरीचा विचारही करू नका’ म्हणून सांगतात, त्याने ऑलिम्पिक पदक मिळवून वर नोकरी केली. त्यांना भित्रा म्हणायची कुणाची छाती आहे?

किर्लोस्करांचं उदाहरण तर सरळ उलट्या बाजूचं आहे. लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंगच नीट ओळखू येत नाहीत म्हटल्यावर रंगकाम सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. मग मुंबईतच तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवण्याची नोकरी केली, आणि ती चालू असतानाच बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा उभा केला. लोखंडी नांगर नंतरचा, आणि पलूसजवळची किर्लोस्करवाडी त्याच्याही नंतरची, 1910 ची. ते पहिल्या स्वप्नाला चिकटून बसले असते, तर आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात लोखंडी नांगर यायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

भाव्यांबद्दल मी थोडक्यात सांगतो, नाहीतर आमच्या ग्रुपमधले ज्येष्ठ लोक रात्रभर बोलतील. 1843 ला सांगलीत त्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झालं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून आणि दरबारच्या आश्रयाने. 1851 ला राजेसाहेब गेले, आश्रय आटला, तेव्हा मंडळी घेऊन भावे गावोगाव फिरले आणि 1853 ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. पैसा मागून आला नाही, त्यांना त्याच्या मागे जावं लागलं. मराठी नाटकाला तिकीटखिडकी मिळाली ती अशी.

आता पर्याय न ठेवण्याची गोष्ट. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्य जिंकलं. सोनं एका किलोने हुकलं, कारण वजन उचलताना कोपर दुखावलं. एका कोपराचा प्रश्न. इतक्या गुणवान पोराचं असं होऊ शकतं, तर ‘मागचे दोर कापून टाका’ असा सल्ला देणाऱ्याने निदान दवाखान्याचं बिल कोण भरणार तेही लिहावं.

आणि दोर न कापताही माणसं मन लावून काम करतात, हे मी रोज बघतो. आमच्या तालमीला एस.टी.चा कंडक्टर, वीज मंडळातला वायरमन, दोन शिक्षिका आणि एक औषधवाला येतो. रात्री आठला सुरू, साडेअकराला चहा. राज्य नाट्यस्पर्धेआधी महिनाभर कुणाची झोप पूर्ण होत नाही. सगळ्यांना हे जमतं असं मी म्हणणार नाही. बदली होते, रजा मिळत नाही, एखादी चांगली नटी लग्नानंतर दिसतच नाही. व्यावसायिक नाटकात उतरायचं तर दिवस मोकळा हवा, हेही खरं.

एक गोष्ट मजकुराच्या बाजूनेही सांगतो. त्याला विरोध करणारे आमच्या बहिणीसारखे पालक ज्याला ‘व्यवहारी मार्ग’ म्हणतात, तोही बऱ्याचदा जुगारच असतो. ‘नाटक नको, एमपीएससी कर’ म्हणे! काहीशे जागांसाठी लाखांत अर्ज येतात आणि खुल्या गटात वयाची अट 38 पर्यंत. अभ्यासिकेत पस्तिशीला आलेला पोरगा आणि मुंबईच्या पृथ्वी थिएटरच्या दारात उभा असलेला पोरगा, दोघांचा खर्च घरूनच चाललेला असतो. फक्त पहिल्याला पाहुणे नावं ठेवत नाहीत. विट्या-आटपाडीकडची पोरं दुष्काळामुळे सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, कामाला देशभर गेली. त्यात स्वप्न कमी, पोटच जास्त होतं. पण खर्च कोण करतंय आणि किती दिवस, हे त्यांना घर सोडतानाच माहीत होतं.

भाच्याला मी नाही म्हटलेलं नाही. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, तिथे नाटक रीतसर शिकता येतं. खोलीचं भाडं, मेस आणि शिक्षण संपल्यानंतरची पहिली दोन वर्षं, यांचा हिशेब एका कागदावर लिहून आण म्हटलंय, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोण देणार त्याचं नाव. मजकूर त्याने मिनिटात पाठवला होता. कागदाला आज अकरा दिवस झाले.